टिंकरच्या उतारावर पुढे चालणारी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मर्व्हिन ट्रेम्बाथ कॅम्परच्या, म्हणजे गाडीमागे जोडलेल्या झोपायच्या ट्रेलरच्या, उजव्या चाकापाशी उकिडवा बसून टायरमधली हवा सोडत होता. लँडक्रूझरच्या चारही टायरांत अठरा पाउंड झाले होते. कॅम्परच्या दोन्ही टायरांत तेवढेच आणायचे होते आणि काटा अजून बाविसावर होता. जून महिना, म्हणजे इकडचा हिवाळा; धारेवरचं गवत दहिवरानं पांढरं आणि ताठ. मर्व्हची बोटं वाकत नव्हती, पण त्यानं हातमोजे घातले नव्हते. व्हॉल्व्हची टोपी हातमोज्यानं पकडता येत नाही.

तो एकाहत्तर वर्षांचा आहे. त्यातली एकतीस वर्षं त्यानं जंगलखात्याचा बुलडोझर चालवला. ज्या वाटेच्या माथ्यावर तो बसला होता ती टिंकरची सोंड नावाची वाट त्यानंच एकोणीसशे एकाहत्तर साली पाडली, वणवा लागला तर पाण्याच्या गाड्या नदीपर्यंत जाव्यात म्हणून. धारेवरून नदीपर्यंत साडेचार किलोमीटर. पहिले दोन किलोमीटर एवढे उभे आहेत की चालत उतरतानाही माणूस झाडाचा आधार शोधतो. जमीन सगळी पातळ चिपांच्या खडकाची, पावलाखाली सरकणारी. पावसाचं पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून जागोजाग आडवे बांध घातलेले आहेत. त्या उतारात ते सात आहेत.

गाडीत त्याची बायको ग्लेनिस थर्मासमधला चहा ओतत होती. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. गावच्या शाळेची बस तिनं सव्वीस वर्षं चालवली. दर वर्षी जूनच्या जोडसुट्टीला शहरातले लोक नदीकाठी येतात आणि सोमवारी परत निघतात, तेव्हा हे दोघं आत शिरतात. गुरुवारी दुपारी हिवाळ्यासाठी फाटक बंद होतं. मधल्या तीन रात्री नदी त्यांची एकट्यांची असते.

ग्लेनिसनं रेडिओ चाळीस नंबरवर लावला आणि नेहमीची हाक दिली. टिंकरच्या माथ्यावरून एक गाडी, मागे कॅम्पर, खाली उतरणार आहे, कोणी वर येतंय का. चार गाड्या येत होत्या. चढणाऱ्याला वाट द्यायची असते, त्यामुळे दोघं पंचवीस मिनिटं थांबले. चारातली शेवटची गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली आणि एका दाढीवाल्या तरुणानं काच खाली केली.

"कॅम्पर घेऊन उतरणार? आजी, खाली मागे वळायला जागा नाही हं."

"बाळा, ह्या माणसानं हा रस्ता खोदला तेव्हा तुझी आई शाळेत होती," ग्लेनिस म्हणाली. "आणि वळायचंय कुणाला?"

तरुण हसला, मर्व्हला सलाम ठोकला आणि निघून गेला. ती बोलताना तरुण तिच्या उजव्या बाजूला होता. मर्व्हनं ते पाहून ठेवलं होतं. मार्चपासून तो अशा गोष्टी पाहून ठेवत होता.

मार्चमध्ये ग्लेनिसच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. नऊ दिवसांत ती जिल्ह्याच्या रुग्णालयातून चालत घरी आली. बोलणं पूर्वीसारखं, जीभ पूर्वीइतकीच धारदार, पायात ताकद. ज्यानं त्यानं तिला दैवाची लाडकी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की डोळे ठीक आहेत, पण मेंदूनं डाव्या बाजूची दखल घेणं सोडलंय. डावीकडे जे आहे ते तिच्यासाठी नाहीच. आणि ते नाही हेही तिला कळणार नाही, हाच ह्या दुखण्याचा स्वभाव. तिला घड्याळाचं चित्र काढायला दिलं तर तिनं बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. दाखवल्यावर म्हणाली, बारा बसले ना, मग झालं तर. मान वळवायची सवय लावण्याचे वर्ग असतात, तिथं या, असं बाईंनी सांगितलं. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, ती पुन्हा धरणार नाही, असं ग्लेनिसनं उत्तर दिलं आणि विषय मिटवला.

मर्व्हनं तो उकरला नाही. रोस, त्यांची मुलगी, फोनवरून आईला वर्गाला घाल म्हणून दर रविवारी बजावत होती. तो बघतो म्हणायचा. बघतही होता. ग्लेनिस ताटातलं उजव्या बाजूचं खायची आणि एवढंसंच वाढलंस म्हणून कुरकुरायची. ती मीठ आणायला उठली की तो ताट अर्धं फिरवून ठेवायचा. परत आल्यावर ती उरलेला बटाटा आणि मटणाचा तुकडा खायची, आपण मघाशी कसं पाहिलं नाही असा प्रश्न तिला पडायचा नाही. दारातून जाताना तो तिच्या डाव्या अंगाला चालायचा, म्हणजे चौकट त्याला लागायची. गाडी चालवण्याचा परवाना रुग्णालयानंच थांबवला होता, ते बोलणं त्याच्यावर आलं नाही. असे तीन महिने गेले. ग्लेनिसच्या लेखी ती पूर्ण बरी होती आणि घरात तसं नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

टिंकरवर मात्र ताट फिरवून भागणार नव्हतं. कॅम्पर मागे असताना ह्या उतारावर एकानं पुढे पायी चालावं लागतं. बॉनेटच्या पुढची चार मीटर वाट चालवणाऱ्याला दिसत नाही. पुढच्यानं दहा पावलं उतरायचं, वळायचं, गाडीकडे तोंड करून हात करायचा. इकडे घे, तिकडे घे, मूठ दाखवली की थांब. हे काम पहिल्यापासून ग्लेनिसचं. त्र्याऐंशी साली एकदा मर्व्हनं तिच्या हाताऐवजी स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवला आणि तिसऱ्या बांधावर मागचा आस मोडला. दोन दिवस अडकून पडले. तेव्हा ग्लेनिसनं नियम घालून दिला: जमिनीवर पाय असलेला शहाणा, स्टिअरिंग धरलेला अडाणी. त्यानंतर तो तिच्या हाताबाहेर एकदाही गेला नव्हता.

त्यानं आदल्या आठवड्यात एकदा सुचवून पाहिलं होतं, की यंदा पक्क्या रस्त्यानं तळ्यावर जाऊ. का, असं तिनं विचारलं. त्या का-ला एकच खरं उत्तर होतं आणि ते त्याला तिच्या तोंडावर देववलं नाही. पुढे चालू नकोस म्हणणं म्हणजे तू पूर्वीची राहिली नाहीस म्हणणं. तो कॅम्परचे ब्रेक तपासायला गेला.

आता काटा अठरावर आला. ग्लेनिसनं नारिंगी जाकीट चढवलं, हातातला छोटा रेडिओ खिशात अडकवला, काठी घेतली.

"अडाण्या, चल," ती म्हणाली.

लो-रेंजचा पहिला गिअर. उतारावर पायाचा ब्रेक शक्यतो वापरायचा नाही, इंजिनानंच गाडी धरून ठेवायची आणि कॅम्परचे विजेचे ब्रेक डॅशबोर्डवरच्या दांडीनं हलके लावत राहायचे, म्हणजे मागचं अकराशे किलोचं धूड गाडीला ढकलत नाही, मागे ओढून धरतं. पहिले चार बांध ठीक गेले. वाट तिथं दोन्हीकडून जंगलात बुजलेली आहे, चुकायला जागाच नाही. ग्लेनिस उतरत होती, वळत होती, हात करत होती. काठी न टेकताही तोल जात नव्हता. मर्व्हला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

पाचव्या बांधाखाली वाट बाहेरच्या अंगाला कलते. उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला खडकाची पायरी आहे, उजव्या हाताला कड धुपून छातीएवढा खोल ओघळ पडलाय आणि त्याच्यापलीकडे दरी. तिथं एकच युक्ती चालते, डावी चाकं खडकावर चढवायची. गाडी भयानक तिरकी होते, पण कॅम्पर ओघळापासून हातभर लांब राहतो. ग्लेनिसनं ही जागा तीस वेळा तरी पार करून दिली होती.

ती खाली जाऊन वळली. गाडीकडे तोंड केल्यावर खडक तिच्या उजव्या हाताला आला आणि ओघळ डाव्या. तिनं खडकाकडे पाहिलं, मान हलवली आणि दोन्ही हातांनी त्याला खडकापासून लांब, ओघळाच्या बाजूला बोलावलं. खुणेत चाचपडणं नव्हतं. तीच ऐटबाज, बस मागे घ्यायला लावणाऱ्या बाईची खूण.

मर्व्हला उजव्या आरशात ओघळ दिसत होता. थांबायला वेळ होता. गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. पण थांबला असता तर ती विचारणार होती, का थांबलास. त्यानं स्टिअरिंग तिनं सांगितल्या बाजूला फिरवलं.

गाडीची चाकं कडेवरून गेली. कॅम्परचं उजवं चाक कडेवर आलं, क्षणभर टिकलं, मग कड ढासळली. कॅम्पर उजव्या कुशीवर आडवा झाला आणि ओघळात लोंबला. मधला जोड गोल फिरणारा असल्यानं गाडी उलटली नाही. साखळ्या ताणल्या गेल्या, गाडीची मागची बाजू वावभर दरीकडे ओढली गेली आणि पाचव्या बांधाच्या मातीत रुतून थांबली. तेव्हा ग्लेनिसची मूठ वर गेली.

"काय झालं?" रेडिओवर तिचा आवाज आला.

"कॅम्पर पडलाय."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"उजवीकडे काय होतं?"

मर्व्हनं हातब्रेक ओढला, इंजिन गिअरमध्ये ठेवून बंद केलं आणि चाकांखाली दगड लावायला उतरला.

मर्व्हनं रेडिओवरून बोलावलेला वॉरिक बंटिंग पावणेएकला पोचला. गावात त्याचं गॅरेज आहे आणि हंगामात तो पन्नासेक अडकलेल्या गाड्या बाहेर काढतो. मोठी विंच, म्हणजे केबल गुंडाळून ओढणारं यंत्र, असलेला त्याचा ट्रक त्यानं माथ्यावरून मागे मागे उतरवत चौथ्या बांधाच्या वर लावला आणि पायी खाली आला. त्यानं ओघळात वाकून पाहिलं, कॅम्परचा पुढचा दांडा वाकलाय असं जाहीर केलं.

"रस्ता तूच केलास म्हणतात," तो मर्व्हला म्हणाला. "इथं जरा रुंद करायला काय झालं होतं?"

"डोझरच्या मागे कॅम्पर नव्हता."

वॉरिक केबलला हात लावण्याआधी नेहमी दोन प्रश्न विचारतो. वजन किती, आणि पुढे कोण होतं. दुसरा प्रश्न दोष काढण्यासाठी नसतो. विंच ओढताना खूण एकाच माणसानं करायची असते आणि ज्यानं वाट पायानं तुडवली त्यालाच तो ते काम देतो. केबल ताणलेली असताना चुकीची खूण झाली तर माणूस मरतो.

"ग्लेन होती," मर्व्ह म्हणाला. "खूण तिचीच राहू दे. चूक माझी झाली. तिनं खडकावर चढव म्हटलं, मी ऐकलं नाही."

ग्लेनिस पलीकडे दगडावर बसून सँडविच खात होती. ती आधी हसली.

"तू ऐकलं नाहीस?"

"नाही."

"मर्व्ह, बूट घ्यायचे तरी तू मला विचारून घेतोस."

"आज नाही ऐकलं."

तिनं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. वॉरिक केबलचा हूक तपासायला लागला, तो तपासून झाला होता तरी. ग्लेनिसचं हसू कधी गेलं ते मर्व्हला कळलं नाही, कारण तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्र्याऐंशीपासून एकदा तरी तू माझ्या हाताबाहेर गेलायस का, असं तिनं विचारलं. तेहतीस वर्षांत त्यानं तिला दिलेली ही पहिली सबब होती आणि त्या तेहतीस वर्षांच्या ऐकण्यानंच ती खोटी पाडली.

"मी हात कुठं केला होता?"

"उजवीकडे," मर्व्ह म्हणाला.

ती उठली आणि उतरून आपल्या जागी गेली. टाचांचे ठसे मुरुमात तसेच होते. त्यांच्यावर पाय ठेवून ती वर तोंड करून उभी राहिली.

"आता सांग. इथून मला काय दिसायला पाहिजे?"

"खडक."

"दिसतोय."

"गाडी."

"दिसतेय."

मर्व्ह थांबला. त्याला पुढचं म्हणायचं नव्हतं.

"कॅम्पर," तो म्हणाला.

तिनं गाडीच्या मागे पाहिलं, खडकाच्या वर पाहिलं, झाडांत पाहिलं. अकराशे किलोचा कॅम्पर तिच्यापासून सात मीटरवर, हिरव्या ताडपत्रीसकट, उघड्यावर आडवा पडला होता.

"तुम्ही काढला का तो?" तिनं विचारलं.

वॉरिकनं मान खाली घातली.

"मान डावीकडे वळव, ग्लेन," मर्व्ह म्हणाला. "अजून. अजून थोडी. खांदा पण वळव."

ती वळत गेली आणि मग थांबली. ओघळ, ढासळलेली कड, हवेत वर आलेलं चाक, सगळं तिनं एकेक करून पाहिलं. बस उलटी घेताना मागे पोरं आहेत का, हे सव्वीस वर्षं पाहणाऱ्या बाईसारखं.

"हा ओघळ कधीपासून आहे?"

"नव्वद सालापासून."

"हं."

मग तिनं विचारलं, डॉक्टरबाईंनी हेच सांगितलं होतं का. हो. माझ्यासमोर? तुझ्यासमोर. आणि मग तू तीन महिने काय करत होतास?

"ताट फिरवत होतो," मर्व्ह म्हणाला.

तिला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मर्व्हला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि ते त्याला चाललं असतं. तिनं दिल्या नाहीत. तिनं नारिंगी जाकिटाची चेन उघडली, ते काढलं आणि वर येऊन त्याच्या हातात दिलं.

"खूण तू कर," ती म्हणाली. "वॉरिक विंच बघेल. मी गाडीत बसू का वर ट्रकमध्ये? जिथं कुणाच्या मधे येणार नाही तिथं."

"ट्रकमध्ये बस," वॉरिक म्हणाला. "हीटर चालू आहे."

ती एकटी चढून गेली. मर्व्ह तिच्या डाव्या अंगाला जायला निघाला होता, तिनं काठीनं त्याला आहे तिथं थांबवलं. दर चार पावलांवर ती थांबून मान डावीकडे वळवत होती. नवी घेतलेली मान असावी तशी.

जाकीट मर्व्हला दंडात घट्ट होत होतं. तो ओघळाच्या कडेला उभा राहिला आणि वॉरिककडे तोंड करून त्यानं पहिली खूण केली. टिंकरवर जमिनीवर पाय असलेला प्रथमच तो होता. केबल ताणली, कॅम्पर चाकांवर उभा झाला, खूण तीनदा चुकता चुकता राहिली. अडीचला कॅम्पर ट्रकच्या मागे बांधला गेला आणि गाडी रिव्हर्समध्ये त्याच्या मागोमाग धारेवर आली. नदीवर कुणी गेलं नाही.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. ग्लेनिसनं बूट दारात काढले, स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसली. रोसचा फोन आला. नदीवरून एवढ्यात कसे परतलात, असं तिनं विचारलं. मर्व्ह उत्तर जुळवत होता, तेवढ्यात ग्लेनिसनं फोन मागून घेतला आणि स्वतःच सांगितलं. कॅम्पर मी पाडला, ती म्हणाली, तुझ्या बापानं नाही. मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी वर्गाला काय न्यावं लागतं, एवढंच विचारलं. सपाट तळाचे बूट आणि वाचायचा चष्मा, रोस म्हणाली. नाव मार्चपासूनच यादीत आहे.

मर्व्हनं चहा केला. मी तुला सोडायला येतो, आणि तिथंच बसतो, असं तो म्हणाला. नको, ती म्हणाली, तू शेजारी असलास की मी मान वळवायची नाही.

तो उठून पडवीत गेला आणि गाडीच्या टायरांत हवा भरत बसला. अठराचे छत्तीस करायचे होते, चार टायर. पंपाचा आवाज घरात ऐकू येत होता तोवर दोघांनाही बोलावं लागलं नाही.

वर्गाला नेणारी रुग्णालयाची बस मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ चाळीसला पोस्टासमोरून सुटते. सोबतच्या माणसाला तीत जागा नसते. उद्या मंगळवार आहे.